पहिली मॅरेथॉन : सर्वांत संथ घटकाचे वेळापत्रक

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर शरीरशास्त्राचा विचार करून ठरवलेले नाही. १८९६ मध्ये अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांच्या सूचनेवरून मॅरेथॉन या गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे ४० किलोमीटरची शर्यत घेण्यात आली आणि ती स्पिरिडॉन लुईस या ग्रीक धावपटूने जिंकली. पुढे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधील राजघराण्याच्या आसनांपर्यंत जो मार्ग आखला गेला, त्याची लांबी ४२.१९५ किलोमीटर भरली आणि १९२१ मध्ये हीच लांबी प्रमाण म्हणून स्वीकारली गेली.

असे योगायोगाने ठरलेले हे अंतर मानवी शरीराच्या दृष्टीने मात्र फार अवघड जागी येऊन थांबते. सर्वसाधारण माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात साठलेले, चटकन वापरता येणारे इंधन तीस-पस्तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते, आणि त्यानंतरही सात ते बारा किलोमीटर धावायचे उरतेच. त्यामुळे एकवीस किलोमीटरची हाफ मॅरेथॉन जिद्दीच्या बळावर पार पाडणारा माणूस फुल मॅरेथॉनही त्याच बळावर पार पाडेल, असे धरून चालता येत नाही. या अंतरासाठी शरीरातील अनेक घटकांची फेरबांधणी व्हावी लागते. हृदय, रक्त, स्नायू, कंडरा आणि हाडे हे सगळे घटक सरावाने बदलतात, पण प्रत्येकाचा बदलण्याचा वेग निराळा असतो. पहिल्या मॅरेथॉनचे वेळापत्रक यांतील सर्वांत संथ घटकाला धरून आखावे लागते. नवख्या धावपटूंच्या बहुतेक दुखापतींचे मूळ वेगाने बदलणाऱ्या घटकांवर विसंबून सराव वाढवण्यात असते.

निवडक धावपटूंपासून सामान्य नोकरदारांपर्यंत

भारतात या शर्यतीची पाळेमुळे महाराष्ट्राशी जोडलेली आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांमध्ये अनवाणी धावणाऱ्या ग्रामीण धावपटूंची गती दोराबजी टाटा यांच्या नजरेत भरली, आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये भारतीय चमू अँटवर्प ऑलिंपिकला गेला. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन सुमारे २ तास ५० मिनिटांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे प्रमाण अंतराहूनही लांब होता, आणि त्याच शर्यतीत उतरलेले सदाशिव दातार ती पूर्ण करू शकले नाहीत. पुढे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये शिवनाथ सिंह ११ वे आले, तर माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिला गटात सलग तीन वेळा पहिला क्रमांक मिळवला आणि नंतर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली.

२००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर या शर्यतीचे स्वरूप पालटले. जानेवारीतल्या रविवारी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर जमणाऱ्या हजारो लोकांपैकी बहुतेक जण नोकरी, व्यवसाय आणि घरसंसार सांभाळून धावणारे असतात, आणि त्यांतील अनेकांनी तिशी-चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा धावायला सुरुवात केलेली असते. लहानपणापासून डोंगरदऱ्यांत चालून-धावून घडलेले शरीर आणि दिवसातले आठ-दहा तास खुर्चीत बसणारे शरीर यांच्या पूर्वतयारीत मोठे अंतर असते. ते अंतर काही महिन्यांच्या सरावाने कसे आणि कितपत भरून काढता येते, हे पाहण्यासाठी प्रथम इंधनाचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

इंधनाचा हिशेब

धावण्यासाठी लागणारी ऊर्जा ढोबळमानाने दर किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी इतकी असते. या हिशेबाने ६० किलो वजनाच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतात. ही ऊर्जा मुख्यतः दोन साठ्यांतून येते. पहिला साठा ग्लायकोजेनचा आहे. भात, भाकरी, बटाटा यांसारख्या पिष्टमय पदार्थांपासून मिळालेली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवते. चांगल्या आहारावरील प्रौढ माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते, म्हणजे एकूण साठा सुमारे २,००० किलोकॅलरींचा होतो. दुसरा साठा चरबीचा असून तो बारीक अंगाच्या माणसातही कित्येक किलोंचा असतो. एक ग्रॅम चरबीतून नऊ किलोकॅलरी मिळत असल्यामुळे हा साठा एका मॅरेथॉनसाठी कधीच कमी पडत नाही. अडचण अशी की चरबीचे ज्वलन संथ असते आणि तेवढीच ऊर्जा देण्यासाठी तिला अधिक प्राणवायू लागतो. चुलीत ओंडका बराच वेळ जळत राहतो, पण जाळ मोठा करायचा तर काटक्याच लागतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

धावताना दोन्ही इंधने एकाच वेळी वापरली जातात आणि त्यांचे प्रमाण मुख्यतः वेगावर ठरते. सावकाश धावताना चरबीचा वाटा मोठा असतो, तर वेग वाढू लागला की ग्लायकोजेनचा वाटा झपाट्याने वाढतो. त्यातही एक मर्यादा अशी की एका स्नायूतील ग्लायकोजेन दुसऱ्या स्नायूच्या उपयोगी पडत नाही, कारण साठलेल्या ग्लायकोजेनपासून मोकळी साखर तयार करून ती रक्तात सोडण्यासाठी जे विकर (एन्झाइम) लागते ते यकृतात असते, स्नायूंत नसते. दंडातील आणि खांद्यांतील साठा जवळजवळ जसाच्या तसा राहतो आणि मांड्या-पोटऱ्यांतील मात्र रिकामा होत जातो. तो संपत आला, यकृतही रक्तातील साखरेची पातळी टिकवू शकेनासे झाले, की पाय जड होतात, वेग एकाएकी घसरतो, चित्त थाऱ्यावर राहत नाही आणि साधी बेरीज करणेही कठीण वाटू लागते. धावपटू या अवस्थेला ‘वॉल’ म्हणतात.

या अवस्थेचे कारण संशोधकांनी टप्प्याटप्प्याने शोधले. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर तेथील डॉक्टरांनी काही धावपटूंच्या रक्तातील साखर मोजली, तेव्हा सर्वांत गलितगात्र झालेल्यांच्या रक्तात ती फार कमी झाल्याचे आढळले. पुढच्या वर्षी धावपटूंना शर्यतीआधी पिष्टमय आहार आणि शर्यतीदरम्यान गोड गोळ्या देण्यात आल्या, तेव्हा साखरही टिकली आणि प्रकृतीही. स्नायूंच्या आत काय घडते याचे उत्तर मिळण्यासाठी मात्र १९६० चे दशक उजाडावे लागले. योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी पोकळ सुईने मांडीच्या स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून त्यातील ग्लायकोजेन मोजण्याचे तंत्र वापरले आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ते दोघे स्वतःच प्रयोगाचे विषय झाले. व्यायामाच्या एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने केवळ एका पायाने पेडल मारले. एक पाय पूर्ण थकला आणि दुसरा विश्रांतीत राहिला. त्यानंतर तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला, आणि रोजच्या तपासणीत असे दिसले की थकलेल्या पायातील ग्लायकोजेन केवळ भरून आले नाही, तर विश्रांती घेतलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाले. आहार एकच, रक्त एकच आणि शरीरही एकच असताना पडलेला हा फरक म्हणजे, ज्या स्नायूने काम केले तोच स्नायू अधिक साठा करायला शिकतो याचा पुरावा होता. मॅरेथॉनच्या सरावातील आठवड्याच्या लांब धावेमागे आणि शर्यतीपूर्वीच्या पिष्टमय आहारामागे हेच तत्त्व आहे.

सावकाश धावण्याचे शास्त्र

ग्लायकोजेनचा साठा वाढवणे हा अर्धा उपाय झाला, आणि त्याच वेगाने धावताना चरबीचा वाटा वाढवणे हा उरलेला अर्धा. चरबीचे ज्वलन स्नायुपेशींतील मायटोकॉन्ड्रिया म्हणजे तंतुकणिका या सूक्ष्म घटकांत होते, म्हणून त्यांची संख्या आणि क्षमता वाढली तर तोच वेग कमी ग्लायकोजेनमध्ये राखता येतो. जॉन हॉलोशी या अमेरिकी संशोधकाने १९६७ मध्ये असे दाखवले की नियमित आणि दीर्घ धावण्याचा सराव दिलेल्या उंदरांच्या स्नायूंत तंतुकणिकांतील श्वसनाशी संबंधित विकरे सुमारे दुप्पट झाली. सरावाने स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे, म्हणजे केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचे, जाळे दाट होते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, असेही पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

हे बदल घडवून आणण्यासाठी धाप लागेपर्यंत धावण्याची गरज नसते. ज्या वेगाने धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येते, तो वेग सरावाच्या मोठ्या भागासाठी पुरेसा असतो. नवख्या धावपटूंना हे पटणे कठीण जाते, कारण दम लागल्याशिवाय व्यायाम झाला असे त्यांना वाटत नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी १९५० च्या दशकात हा समज मोडून काढला. त्यांचे धावपटू आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावत आणि त्यांतील बराच भाग लांब पण झेपेल अशा गतीचा असे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी ५,००० मीटरचे सुवर्णपदक, तर बॅरी मगी यांनी मॅरेथॉनचे कांस्यपदक मिळवले. अवघ्या ८०० मीटरच्या शर्यतीत उतरणाऱ्या स्नेल यांच्याकडूनही लिडियर्ड ३५ किलोमीटरची धाव करून घेत असत. सामान्य धावपटूने त्यांचे आकडे अंगीकारू नयेत, परंतु पायाभूत क्षमता सावकाश आणि दीर्घ धावण्यातून तयार होते हे त्यांचे तत्त्व आजही टिकून आहे.

हाडे, कंडरा आणि संयम

सराव सुरू केल्यावर रक्तातील द्रवभाग काही दिवसांतच वाढतो. हृदय आणि स्नायू पुढील काही आठवड्यांत दाद देऊ लागतात, म्हणून दुसऱ्या महिन्यात धावपटूला अंगात नवे बळ संचारल्यासारखे वाटते आणि तो अंतर एकदम वाढवतो. नेमक्या याच काळात त्याची हाडे सर्वांत नाजूक अवस्थेत असतात. हाडावर नवा ताण येऊ लागला की शरीर आधी त्यातील जुना भाग काढून टाकते आणि मग तिथे नवे हाड भरते. काढून टाकण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, तर भरण्याचे काम पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. या मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा किंचित दुबळे असते. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्यामुळे त्यांचे बळकट होणेही असेच संथ असते. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार पायावर येतो आणि मॅरेथॉनमध्ये अशी सुमारे ४० हजार पावले पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे या संथ घटकांचे महत्त्व कळते.

दुखणे ओळखण्याचे काही ठोकताळे उपयोगी पडतात. नडगीच्या आतल्या कडेला बऱ्याच लांबीवर पसरलेली आणि अंग गरम झाल्यावर कमी होणारी वेदना बहुधा स्नायू व हाडावरील आवरण यांच्या ताणाची असते आणि अंतर कमी केल्याने ती निवळते. परंतु बोटाने नेमकी दाखवता येणारी, धावताना वाढत जाणारी आणि रात्री विश्रांतीतही ठणकणारी वेदना हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची खूण असू शकते. अशा वेळी धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणे हाच मार्ग असतो. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेखाली उठणारी कळ ही तळपायाच्या पट्टीवरील ताणाशी, तर जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती होणारे दुखणे मांडीच्या व नितंबाच्या स्नायूंच्या दुबळेपणाशी अनेकदा निगडित असते. म्हणूनच आठवड्यातून दोनदा बैठका, पायरीवर उभे राहून टाचा उचलणे आणि कमरेच्या स्नायूंचे व्यायाम यांना धावण्याइतकेच स्थान द्यावे लागते.

आहारातील उणीवही हाडांवर आणि रक्तावर परिणाम करते. वाढत्या सरावाबरोबर खाणे वाढवले नाही, तर स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि त्यासोबत हाडांची घनताही कमी होत जाते. त्यामुळे पाळी थांबणे हा सराव चांगला चालल्याचा पुरावा न मानता धोक्याचा इशारा मानला पाहिजे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, आणि प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम वाढत नाही. म्हणून सरावाच्या आरंभीच हिमोग्लोबिन तपासून घेणे, विशेषतः स्त्रियांनी, फार महत्त्वाचे आहे.

सोळा आठवड्यांची आखणी

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असेल, तर सोळा आठवड्यांचा सराव सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो. त्या दिवशी शून्यातून सुरुवात करणे मात्र धोक्याचे असते. त्याआधीचे किमान तीन-चार महिने आठवड्याला २५ ते ३० किलोमीटर धावण्याची सवय असावी आणि दहा किलोमीटर न थांबता धावता यावे. हाडांना लागणारा वेळ याच पूर्वकाळात दिला जातो. ज्यांना आज पाच मिनिटेही धावता येत नाही, त्यांनी चालणे आणि धावणे यांची आलटून-पालटून सुरुवात करून पुढील वर्षाच्या शर्यतीवर नजर ठेवणे श्रेयस्कर ठरते.

सामान्यतः आठवड्यात चार दिवस धावणे पुरेसे असते. त्यांतील दोन दिवस सहा ते दहा किलोमीटर सावकाश, एक दिवस थोड्या अधिक वेगाने किंवा चढावर, आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातील सर्वांत लांब धाव. ही लांब धाव पहिल्या आठवड्यात १४ किलोमीटरची असेल, तर ती १६, १८ अशी वाढवत चौथ्या आठवड्यात पुन्हा १४ वर आणतात, मग १९, २१, २३ करून पुन्हा उतरवतात आणि शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी ती ३० ते ३२ किलोमीटरवर नेतात. दर चौथ्या आठवड्यातील हा उतार आळसाला दिलेली सवलत नसून झालेली झीज भरून निघण्यासाठी राखलेला अवधी असतो. सरावात पूर्ण ४२ किलोमीटर धावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या धावेतून सावरायला लागणारा काळ तिच्यातून होणाऱ्या लाभापेक्षा मोठा असल्यामुळे प्रशिक्षक तो टाळायला सांगतात.

महाराष्ट्रातील ऋतू आणि सण या आखणीत आपोआप गुंफले जातात. परतीच्या पावसात बूट भिजतात आणि ओल्या मोज्यांनी पायांना फोड येतात, म्हणून मोज्यांचा जादा जोड आणि घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली या साध्या गोष्टी मोलाच्या ठरतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याच वेगाला हृदयाचे ठोके अधिक पडतात, तेव्हा घड्याळातला वेग मंदावलेला पाहून निराश होण्याचे कारण नसते. दिवाळीतील जागरणे आणि पाहुणचार यांमुळे एखादी लांब धाव चुकली, तर ती पुढच्या आठवड्यात दुप्पट अंतराने भरून काढू नये. चुकलेली धाव सोडून द्यावी आणि आखणी पुढे चालू ठेवावी.

ज्यांना घाट जवळ आहे त्यांनी त्याचा लाभ घ्यावा. साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनमध्ये धावपटू यवतेश्वरचा घाट चढून त्याच वाटेने खाली येतात. चढावर दम लागतो, पण मांड्यांची खरी परीक्षा उतारावर होते, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना शरीराचा वेग आवरावा लागतो आणि त्या क्रियेत स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. दोन दिवस पाय भरून येतात, मात्र एकदा अशी इजा भरून आली की त्याच प्रकारच्या ताणाने पुढच्या वेळी होणारी इजा बरीच कमी असते. मॅरेथॉनच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये मांड्यांवर येणारा ताण याच जातीचा असल्यामुळे उताराचा बेताबेताने केलेला सराव सपाट शहरातील शर्यतीतही उपयोगी पडतो.

शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांना धावपटू ‘टेपर’ म्हणतात. या काळात धावण्याचे दिवस जवळजवळ तेवढेच ठेवून अंतर क्रमाक्रमाने निम्म्यावर आणले जाते. अंग मोकळे राहिल्याने मनात शंका दाटतात आणि राहून गेलेला सराव आताच उरकून घ्यावासा वाटतो, परंतु या दिवसांत केलेल्या अतिरिक्त धावण्याचा लाभ शर्यतीपर्यंत मिळत नाही, थकवा मात्र उरतो.

घाम, मीठ आणि पाणी

धावताना निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी बहुतांश उष्णतेच्या रूपात बाहेर पडते आणि ती घालवण्याचा शरीराचा मुख्य मार्ग घामाचे बाष्पीभवन हा आहे. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीसारख्या किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाळत नाही, तो नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेल्या घामाने अंग थंड होत नाही. अशा हवेत दहा-बारा दिवस नियमित धावल्यास रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातील मिठाचे प्रमाण घटते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या पहाटे सराव करून मुंबईत धावणाऱ्याला हे अनुकूलन मिळालेले नसते, म्हणून त्याने घरच्या वेगापेक्षा थोडा कमी वेग धरणे शहाणपणाचे असते.

पाण्याबाबत दोन टोकांच्या चुका होतात. पाणी न पिण्याची चूक सर्वांना ठाऊक आहे, पण अति पाणी पिणेही जिवावर बेतू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेल्याचे आढळले. ज्यांचे वजन शर्यतीदरम्यान वाढले होते, म्हणजे ज्यांनी घामावाटे गमावले त्याहून अधिक द्रव घेतले होते, त्यांच्यात हा धोका सर्वाधिक होता. रक्त असे पातळ झाले की पेशींत पाणी शिरते, मेंदूला सूज येते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळ अशी लक्षणे दिसू लागतात. म्हणून शर्यतीच्या वाटेतील पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पेलाभर पाणी रिचवण्याऐवजी तहानेच्या मानाने घोट-दोन घोट घ्यावेत. मीठ-साखर घातलेले लिंबूसरबत किंवा जलसंजीवनी यांतून पाण्याबरोबर क्षार आणि साखरही मिळते, मात्र केवळ क्षारयुक्त पेय घेतले म्हणून अति पिण्याचा धोका टळत नाही.

शर्यतीचा दिवस

शर्यतीच्या आधीच्या दीड-दोन दिवसांत दर किलो वजनामागे रोज ८ ते १० ग्रॅम कर्बोदके घेतली, तर ग्लायकोजेनचा साठा भरून येतो. ६० किलोच्या माणसासाठी हे प्रमाण ५०० ते ६०० ग्रॅम होते, म्हणजे तेलकट आणि चोथायुक्त पदार्थ कमी करून भात, मऊ खिचडी, पोळी, बटाटा, केळी आणि गूळ यांवर भर द्यावा लागतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठत असल्यामुळे वजन किलो-दीड किलोने वाढते आणि ते साठा भरल्याचेच लक्षण असते. धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेणे हे सर्वमान्य प्रमाण आहे. मध्यम आकाराच्या केळ्यातून किंवा धावपटूंसाठीच्या साखरयुक्त जेलच्या एका पाकिटातून साधारण २० ते २५ ग्रॅम मिळतात. कोणता पदार्थ पोटाला सोसतो हे रविवारच्या लांब धावांमध्येच पाहून ठेवावे, कारण शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ आणि नवा बूट या दोन्ही गोष्टी वर्ज्य आहेत.

मुंबईत फुल मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास, अंधार असतानाच सुरू होते. वाजंत्री, रोषणाई आणि भोवतालची गर्दी यांच्या ओघात, टेपरमुळे ताजे झालेले पाय ठरल्यापेक्षा वेगाने पडू लागतात, आणि तो वेग त्या वेळी सोपाही वाटतो. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला वाचवलेली पंधरा-वीस सेकंदे ग्लायकोजेनच्या उधारीवर मिळालेली असतात आणि तिसाव्या किलोमीटरनंतर ती कित्येक मिनिटांनी फेडावी लागतात. म्हणून ठरावीक वेळेचा फलक घेऊन धावणाऱ्या पेसरच्या ‘बस’मध्ये, म्हणजे एका लयीत धावणाऱ्या घोळक्यात, राहणे नवख्याला हितकारक असते.

आजवरच्या बहुतेक वर्षांत या शर्यतीचा मार्ग मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी आणि सागरी सेतू असा उत्तरेकडे जाऊन पुन्हा दक्षिणेकडे वळत आला आहे. जाताना अंधारात सहज चढलेला पेडर रोड परतीच्या वाटेवर अखेरच्या टप्प्यात समोर येतो, आणि पाच तासांच्या आसपास शर्यत पुरी करणाऱ्यांच्या डोक्यावर तोवर सूर्य बराच वर आलेला असतो. चढाची उंची तीच असते, बदललेली असते ती मांड्यांची आणि साखरेची स्थिती. इथे पावले लहान करून, हवे तर काही अंतर चालून, श्रम पूर्वीइतकेच ठेवावेत. दुतर्फा उभे असलेले मुंबईकर नावाने हाक मारून धीर देतात, संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटे पुढे करतात, आणि थकलेल्या मेंदूला ही हाक किती बळ देते हे त्या रस्त्यावरून धावलेले सर्वच सांगतात.

काही लक्षणांपुढे मात्र जिद्द बाजूला ठेवावी लागते. छातीत दाटणे किंवा दुखणे, भोवळ येणे, बोलण्यात गोंधळ होणे अथवा पायावर तोल न राहणे यांपैकी काहीही जाणवल्यास तिथेच थांबून वैद्यकीय मदत घेतली पाहिजे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात लांब पल्ल्याच्या शर्यतींतील सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा पूर्ण मॅरेथॉनमध्ये हृदय बंद पडण्याचे प्रमाण लाखात सुमारे एक आढळले. धोका अल्प आहे, परंतु चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्या किंवा घराण्यात तरुण वयात हृदयविकार झालेल्या व्यक्तींनी सराव सुरू करण्यापूर्वीच हृदयाची तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

शर्यतीनंतर

अंतिम रेषा ओलांडल्यावर एकदम बसून राहू नये. हळूहळू चालत राहावे, थोडे थोडे खावे-प्यावे आणि पुढचे एक-दोन आठवडे धावण्याऐवजी चालण्यावर भागवावे. स्नायूंचे दुखणे चार दिवसांत ओसरते, पण आतली झीज भरून यायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि इथेही सर्वांत संथ घटकाचेच ऐकावे लागते.

या सगळ्या खटाटोपातून पदकाखेरीज हाती काय लागते, याचे एक उत्तर लंडन मॅरेथॉनच्या अभ्यासातून मिळाले आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मॅरेथॉन धावणाऱ्या १३८ निरोगी व्यक्तींची सरावापूर्वी आणि शर्यतीनंतर तपासणी करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचा रक्तदाब उतरल्याचे आणि महारोहिणीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, ताठरपणा वयाच्या हिशेबात सुमारे चार वर्षांनी कमी झाल्याचे दिसून आले. विशेष म्हणजे हा लाभ वयाने मोठ्या आणि संथ धावणाऱ्या पुरुषांत, तसेच आरंभी रक्तदाब अधिक असणाऱ्यांत जास्त होता. तो काही एका रविवारच्या शर्यतीतून आला नव्हता, आधीच्या काही महिन्यांत नियमितपणे घराबाहेर पडून धावण्यातून आला होता. त्यामुळे एखाद्याची पहिली मॅरेथॉन उकाड्याने, दुखापतीने किंवा पोट बिघडल्याने अर्धवट राहिली, तरी नेटाने केलेल्या सरावाने त्याच्या रक्तवाहिन्यांना, स्नायूंना आणि हाडांना जे दिले ते वाया जात नाही. मात्र धावणे सोडले की ते हळूहळू ओसरते, म्हणून विश्रांतीचे आठवडे संपल्यावर आठवड्यातून तीन दिवस तरी बूट पायांत चढवणे, पुढची शर्यत धावायची असो वा नसो, हाच पहिल्या मॅरेथॉनने शिकवलेला सर्वांत उपयोगी नियम होय.